वाचकांची पत्रं: चहा माझ्या हातचा, चौकशी कुणाची नाही

या महिन्यात सोलापुरातून आलेल्या पत्रांचा सूर बराचसा एकच होता, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे. शास्त्र, म्हणजे बायबल, हाताशी ठेवून वाचा, संदर्भ जागोजागी दिले आहेत.

पत्र १

प्रभूच्या नावात सलाम. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हापासून याच मंडळीत (चर्चमध्ये) आहे. भगिनी मंडळाच्या सभेचा चहा, नाताळातलं जेवण, उपकारस्तुतीच्या दिवशीची भांडी, सगळं माझ्याकडे. पावसाळ्यात चिकनगुनिया झाला. पाच रविवार उपासनेला जाता आलं नाही. कुणी फिरकलं नाही. सहाव्या रविवारी गेले तर एक बाई म्हणाल्या, "अहो होता कुठं? चहाचं पातेलं कुठल्या कपाटात असतं ते कुणालाच माहीत नव्हतं." घरी येऊन रडले. यजमान म्हणतात, "सेवा देवासाठी करतेस ना, मग माणसांचं काय घेऊन बसलीस?" आता प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नाही. देवालाही मी पातेल्यापुरतीच आठवते का?

उत्तर

ताई, आधी यजमानांच्या वाक्याबद्दल. ते वाईट मनानं बोलले नसतील, पण शास्त्राशी ते वाक्य जुळत नाही. देवासाठी सेवा करणाऱ्यालाही माणसं लागतात. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय काढा. पत्र लिहिणारा प्रेषित पौल कैदेत आहे. पहिल्या जबाबाच्या वेळी आपल्या बाजूनं कुणीच उभं राहिलं नाही, सगळे सोडून गेले, असं तो स्पष्ट लिहितो (४:१६). प्रभू मात्र जवळ उभा राहिला, हे पुढच्या वचनात. उपदेशात आपल्या कानावर बहुतेक एवढंच पडतं. पण त्याच अध्यायात तो त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा मागवतो, पुस्तकं मागवतो, मार्काला बरोबर आण म्हणतो आणि हिवाळ्याच्या आत ये असं बजावतो (४:९, ११, १३, २१). प्रभू जवळ उभा होता म्हणून पौलाला थंडी वाजायची काही थांबली नव्हती.

तेव्हा तुमच्यापुढे दोन वेगळी कामं आहेत. गाऱ्हाणं देवाकडे आणि मागणं माणसाकडे. होतं बहुधा उलटं. देवाजवळ आपण गोड बोलतो, माणसांजवळ गाऱ्हाणी गातो आणि मागत कुणाकडेच नाही.

गाऱ्हाण्यासाठी स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत आणि त्यांचे तीन कप्पे पडतात. पहिल्या दोन वचनांत "किती वेळ?" हा प्रश्न चार वेळा येतो. तिसऱ्या-चौथ्यात मागणी आहे. पाचव्या-सहाव्यात भरवसा. एक साधी वही करा आणि घड्याळ समोर ठेवून पंधरा मिनिटं बसा. पहिली आठ-नऊ मिनिटं नुसतं गाऱ्हाणं लिहा. मग एकच मागणी, एका ओळीत. शेवटी पाचवं-सहावं वचन मोठ्यानं वाचा. मनात तसं वाटत नसलं तरी वाचा, पण वाटतंय असा आव आणू नका. वेळ झाली की वही मिटा, उठा, तोंडावर पाणी मारा.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, लोक पहिल्याच दिवशी उडी मारून पाचव्या वचनावर जातात. "तरी पण प्रभू, तू चांगला आहेस" असं घाईनं म्हणून मोकळे होतात आणि आतली चीड आहे तिथंच राहते. मग काही दिवसांनी प्रार्थनाच नकोशी होते, तुमचं तेच झालंय. दुसरं म्हणजे गाऱ्हाणं मोघम राहतं. "सगळे मला विसरले" असं लिहू नका. "पाच रविवार. बोटं आखडलेली, भाकरी थापता येईना. अमक्या बाईंनी तब्येत विचारली नाही, पातेलं विचारलं," असं लिहा. "सगळे" आणि "कधीच" हे दोन शब्द वहीत आले की थांबायचं आणि त्यांच्या जागी नाव, वार, वस्तू घालायची. मोघम दुःखाला उत्तर देता येत नाही, ना देवाच्या माणसांना ना तुम्हाला स्वतःला. घड्याळ लावायचं तेही याचसाठी. तेच तेच तासभर चघळलं की त्याची प्रार्थना राहत नाही, रवंथ होतो.

एखाद्या दिवशी पाचवं वचन तोंडातून निघणारच नाही. मग चौथ्यावर थांबा. स्तोत्र ८८ वाचा. अठरा वचनांचं हे स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी सांत्वनाची एक ओळही नाही. तरी ते शास्त्रात ठेवलेलं आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. पातेल्यापुरतीच आठवण. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात हागार आहे. तिचे मालक अब्राम आणि साराय तिच्याबद्दल बोलतात तेव्हा "दासी" म्हणतात, दोघांपैकी एकाच्याही तोंडी तिचं नाव नाही. वाचून पाहा. सारायच्या छळामुळे ती पळून जाते. रानातल्या झऱ्यापाशी देवदूत भेटतो तो "हागारे" अशी हाक मारतो आणि कुठून आलीस, कुठं चाललीस, असं विचारतो (१६:८). तुम्हाला त्या रविवारी कुणीतरी विचारायला हवा होता तोच हा प्रश्न. आणि मग ही दासी देवाला नाव ठेवते, "पाहणारा देव" (१६:१३). (त्याच ठिकाणी तिला परत जायला सांगितलं आहे. त्यावरून बाईनं छळ सोसत राहावं असा अर्थ काही जण काढतात, तो आम्हाला मान्य नाही. एकविसाव्या अध्यायात ती त्या घरातून कायमची बाहेर पडते आणि देव तिथंही तिच्याबरोबर असतो.) वहीच्या पहिल्या पानावर तुमचं नाव लिहा, त्याखाली १६:१३ लिहा आणि रोज तिथून सुरुवात करा.

माणसाकडचं मागणं याहून अवघड जाईल. भगिनी मंडळातल्या तीन जणींची नावं काढा. ज्यांच्याशी बोलताना तुम्हाला पदर सावरावा लागत नाही अशा तिघी. पहिलीला फोन करा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. वाक्य साधं असू द्या: "बुधवारी चारला अर्धा तास येशील का? सांधे अजून दुखतात. येताना मेथीची एक जुडी आण." वार, वेळ, किती वेळ आणि एक वस्तू, एवढं त्यात हवं. "कधीतरी ये गं" म्हटलं की कुणी येत नाही, हे आपल्याला माहीतच आहे. सुरुवात तक्रारीनं करू नका, ती बसल्यावर चहा होईतो आपोआप निघेल. पहिलीला जमलं नाही तर दुसरी.

आणि पातेलं. रुसून काम सोडू नका, कारण रुसलेलं कळतंच असं नाही, नुसता चहा उशिरा येतो. त्यापेक्षा कपाटावर चिठ्ठी चिकटवा. पन्नास कपांना तीन लिटर दूध, दोन लिटर पाणी, अर्धा किलो साखर, सव्वाशे ग्रॅम पत्ती, गाळणं वरच्या फळीवर. महिन्यातला एक रविवार दुसरीकडे द्या आणि त्या दिवशी बाकावर बसून रहा. पहिल्या वेळी चहा पांचट होईल. होऊ द्या.

पत्र २

वय चोवीस. पूर्व भागात राहतो, टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी, बारा तास. घरी आम्ही तेलुगू बोलतो, मंडळी मराठी आहे. उपवास-प्रार्थनेत सगळे रडतात, मला काही होत नाही. पाठ केलेलं म्हणतो. एका भावानं सांगितलं की तुझ्यात लपलेलं पाप असेल. देवाचं प्रेम इतरांना पोचतं, मला नाही. झोपही धड लागत नाही.

उत्तर

लपलेल्या पापाचं निदान करणाऱ्या भावाला योहान ९:३ दाखव. जन्मांध माणसाकडे बोट करून शिष्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूनं दोन्ही पर्याय नाकारले. डोळ्यांतलं पाणी हे देवाचं प्रेम मोजायचं माप नाही. रडू येणं स्वभावावर असतं, झोपेवर असतं, वाद्यांच्या आवाजावरही असतं. योहानाच्या पहिल्या पत्रात (३:२०) म्हटलंय की आपलं मन आपल्याला दोष देत असलं तरी देव मनापेक्षा थोर आहे.

आम्हाला तुझ्या पत्रातलं भाषेचं वाक्य महत्त्वाचं वाटलं. "हे सर्वसमर्थ व परमदयाळू पित्या" असलं मराठी मराठी माणसाच्या घरातही कुणी बोलत नाही. तू तर ते दुसऱ्या भाषेतून आणून म्हणतोस. ज्या भाषेत ठेच लागल्यावर तोंडातून शब्द निघतो त्या भाषेत प्रार्थना कर. "नाकु एवरू लेरु", मला कुणी नाही, एवढं तेलुगूत म्हणून गप्प बसलास तरी प्रार्थना झाली. वधस्तंभावर येशूनं स्तोत्र २२ चं पहिलं वचन घरातल्या अरामी भाषेत ओरडून म्हटलं आणि मार्कानं ते शब्द तसेच ठेवले (१५:३४). पेन्टेकॉस्टच्या दिवशी, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हाही, प्रत्येकाला आपापल्या जन्मभाषेत ऐकू आलं (प्रेषितांची कृत्ये २:८). मंडळीत मराठी म्हण, खोलीत तेलुगू. तेलुगू शास्त्र छापील मिळतं, मोबाइलवर ऐकायलाही मिळतं.

वेळही बदल. पाळीवरून आल्यावर अंथरुणावर पडून प्रार्थना करशील तर दोन मिनिटांत डोळा लागेल आणि वर अपराधी वाटेल. हातपाय धुतल्यावर, खायच्या आधी, बसून पाच मिनिटं पुरेत. मग खा आणि झोप. खिडकीला जाड चादर लाव (सोलापुरात चादरीची काय कमी), फोन दुसऱ्या खोलीत ठेव, घरच्यांना वेळ सांगून ठेव. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर असताना पत्र्याखाली दिवसा झोप येत नाही. तेव्हा सकाळी लवकर आणि संध्याकाळी असे झोपेचे दोन तुकडे करावे लागतात.

झोपेवर इतकं का लिहितोय? राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाच. संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. होरेब डोंगर चाळीस दिवसांनी येतो आणि मंद वाणी त्याच्याही नंतर. "मी एकटाच उरलोय" ही त्याची तक्रारही तिथंच आहे, आणि सात हजार शिल्लक आहेत हे उत्तरही (१९:१८). भाकर आणि झोप झाल्यावरच ते त्याला सांगितलं गेलं.

एक गोष्ट मात्र टाळू नकोस. झोप, भूक, कामातलं लक्ष हे सगळं सलग दोन आठवडे गेलेलं असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना दाखव. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून दाखवता येतं. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जगून काय करायचं असा विचार एकदा जरी आला असेल, तर त्याच दिवशी फोन कर, घरातल्या एकाला तरी सांग आणि ती रात्र एकटा काढू नकोस. गोळ्या घेतल्यानं विश्वास कमी होत नाही. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या वडिलांना मंडळीत असं कुणी म्हणत नाही ना?

पत्र ३

मी एकतीस वर्षांची आहे, नोकरी करते. वडिलांनी आयुष्यभर भावाशी तुलना केली, कधी हात उगारला. आता ते बोलतच नाहीत. प्रभूची प्रार्थना "हे आमच्या स्वर्गातील पित्या" अशी सुरू झाली की माझा घसा बंद होतो. हे कुणाला सांगितलेलं नाही.

उत्तर

तो शब्द काही काळ बाजूला ठेवलात तरी चालेल. मंडळी "पित्या" म्हणत असताना गप्प रहा आणि "तुझे नाव पवित्र मानले जावो" इथं सामील व्हा. शेजारच्यांना कळणारही नाही. घरी दुसऱ्या हाका घ्या. यशया ४९:१५ मध्ये पाजतं लेकरू असलेली आई आहे, आणि ती विसरली तरी मी विसरणार नाही, असं देव म्हणतो. ६६:१३ मध्ये आईसारखं सांत्वन आहे. स्तोत्र १३१ मध्ये दूध तोडलेलं मूल आईपाशी शांत पडलेलं आहे. येशू स्वतःला पिलं पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा देतो (मत्तय २३:३७). आपल्या मराठीला तर हे परकं नाहीच. कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण वारकऱ्यांची माउली त्यांच्या भजनांतून गेली नाही, ती ख्रिस्ताला मारलेली हाक झाली.

एक हाक निवडा आणि महिनाभर तीच ठेवा. रोज बदलली की मन एकीतही रुळत नाही. स्तोत्र २७:१० नंतरसाठी ठेवा. आईबापांनी टाकलं तरी परमेश्वर जवळ घेईल, असं त्यात आहे, पण "टाकलं" हे मान्य करायला आधी वेळ लागतो.

वडिलांना लगेच क्षमा करा, म्हणजे शांती मिळेल, असं कुणी सांगितलं तर त्यांचे आभार माना आणि विषय बदला. क्षमा हे मोठं काम आहे, एका सभेत उरकायचं नाही. आणि घरात आजही हात उगारला जात असेल तर तो फक्त प्रार्थनेचा विषय नाही. महिलांसाठी १८१ आहे, तातडीला ११२.

पत्र ४

वय शहात्तर. पत्नी गेली. मुलं पुण्याला आणि बेंगळुरूला. रविवारी फोन येतो, चार मिनिटं. गुडघ्यांमुळे देवळाच्या पायऱ्या होत नाहीत. आता माझा कुणाला उपयोग नाही.

उत्तर

काका, पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) फोन करून "मला घरी प्रभुभोजन हवं आहे" असं सांगा, याच शब्दांत. आजारी आणि वृद्धांना घरी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस) देण्याची रीत आहे, कॅथलिक असाल तर फादर किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पवित्र संस्कार घरी घेऊन येते. पण सांगितल्याशिवाय कळत नाही. स्वच्छ कापड घातलेलं एक टेबल आणि शेजारच्या घरातलं एखादं माणूस, एवढी तयारी पुरे.

चार मिनिटांच्या फोनमध्ये "कसे आहात, बरा आहे" यात तीन मिनिटं जातात. नातवाला आधीच एक काम देऊन ठेवा: दर रविवारी एक स्तोत्र तू मला वाचून दाखवायचं. स्तोत्र ७१ पासून सुरू करा. म्हातारपणी मला टाकून देऊ नकोस (७१:९) आणि पुढच्या पिढीला तुझं सामर्थ्य सांगेपर्यंत सोडू नकोस (७१:१८), ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत. उपयोगाचं म्हणाल तर मंडळीतल्या पाच घरांचे वाढदिवस आणि स्मृतिदिन वहीत उतरवून घ्या आणि त्या-त्या दिवशी सकाळी फोन करा. स्मृतिदिनाला दुसऱ्या वर्षापासून कुणी फोन करत नाही.

पत्र ५

मी मंडळीच्या पंच कमिटीवर आहे. आमच्याकडे भेटी फक्त दवाखाना आणि मयत या दोनच प्रसंगी होतात, हे खरं आहे. सुधारायचं तर कसं?

उत्तर

दोनशे पानी वही घ्या, रकाने चार: नाव, कधीपासून दिसले नाहीत, कोण गेलं, पुढची भेट कधी. उपासना सुटल्यावर दारात उभे राहणाऱ्या दोघांनी पाच मिनिटांत दुसरा रकाना भरायचा. दोन रविवार गैरहजर म्हणजे सोमवारी फोन, तीन म्हणजे त्या आठवड्यात भेट. वर्गणी भरणाऱ्या पुरुषाचं नाव लिहून कुटुंब पूर्ण झालं असं समजू नका. बायका, रात्रपाळीची पोरं, सुना यांची नावं स्वतंत्र ओळीत हवीत, नाहीतर पहिल्या पत्रातल्या ताई वहीतही दिसणार नाहीत.

दोघांनीच जा. पाच-सहा जण गेले की ती सभा होते आणि घरातली बाई आत कप शोधत बसते. वीस मिनिटं बसा, त्यातली बारा ऐका. सहा-सात वचनं वाचा, प्रार्थना दोन मिनिटं. उपदेश नको, आपल्या ओळखीतल्या आणखी गंभीर आजाऱ्याची गोष्टही नको.

तिथं ऐकलेलं "प्रार्थनेचा विषय" म्हणून ग्रुपवर टाकायचं नाही. भेटी बंद पडण्याचं हे मोठं कारण आहे. एकदा घरातली गोष्ट साठ मोबाइलवर गेली की ते घर पुढच्या वेळी "सगळं ठीक आहे" एवढंच सांगतं. पाळकांना सांगायचं असेल तर तिथंच विचारा, "हे साहेबांच्या कानावर घालू का?" नाही म्हणाले तर नाही.

उठताना पुढची तारीख सांगून उठा आणि ती चौथ्या रकान्यात लिहा. चहा थर्मासमध्ये घरूनच न्या.